हार्मोनचा बागुलबुवा आणि कोंबडीचं उरलेलं बिल

गटारी जवळ आली की दोन गोष्टी हमखास वाढतात: कोंबडीचा भाव आणि ब्रॉयलरविषयीचे व्हॉट्सॲप संदेश. 'हार्मोनची इंजेक्शनं टोचून ४० दिवसांत कोंबडी फुगवतात, म्हणून मुली लवकर वयात येतात' हा त्यातला सगळ्यांत टिकाऊ. पोल्ट्रीवाल्यांचं उत्तरही ठरलेलं: हे धादांत खोटं आहे, ब्रॉयलर हे गरिबाचं प्रथिन आहे, अफवांमुळे शेतकरी मरतो. मग आठवडाभर दोन्ही बाजू एकमेकांना अडाणी नाहीतर विकले गेलेले ठरवतात आणि श्रावण लागला की वाद आपोआप विझतो. या वादात पोल्ट्री उद्योग दरवर्षी जिंकतो, कारण हार्मोनचा आरोप खरोखरच खोटा आहे. आणि खोटा आरोप एकदा खोडून काढला की खरा आरोप करायला कुणी उरत नाही. 'ताटातलं चिकन मला बाधेल का?' हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. नीट शिजवलेलं असेल तर बहुधा बाधणार नाही. विचारायला हवं ते असं, की दुकानाच्या पाटीवरच्या भावात कोंबडी वाढवण्याचा सगळा खर्च धरलेला असतो का? नसतो. उरलेलं बिल तिघांच्या माथी जातं: करारावर पक्षी वाढवणारा शेतकरी, खाद्यासाठी सोयाबीन पिकवणारा शेतकरी, आणि अतिदक्षता विभागातला असा एखादा रुग्ण, ज्याने कदाचित आयुष्यात कोंबडी तोंडात घातलेली नाही.

हार्मोनचं आधी निकालात काढू. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन. खाद्यातून दिलं तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं. टोचायचं तर एकदा टोचून भागत नाही, पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. पाच हजार पक्ष्यांच्या शेडवर दोन माणसं कामाला. हा उद्योग करणार कोण, आणि असल्या पक्ष्यावर तो परवडणार कुणाला? मग चाळीस दिवसांत दोन किलो कसे होतात? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतले वंश शेजारी शेजारी, एकाच खाद्यावर वाढवून पाहिले गेले. ५६व्या दिवशी १९५७चा पक्षी साधारण ९०० ग्रॅमचा होता, १९७८चा १,८०० ग्रॅमचा आणि २००५चा ४,२०० ग्रॅमचा. खाद्य तेच, फरक फक्त निवडपैदाशीचा. संशय मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. अमेरिकेत एके काळी डीईएस या कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या कोंबड्यांच्या मानेत बसवत असत; १९५९मध्ये ते बंद झालं. सहा दशकांहून आधी पुरलेलं ते भूत आपण अजून उकरून काढतो आहोत, इतकंच.

पण 'हार्मोन नाही, फक्त पैदास' एवढं म्हणून उद्योगाने हात झटकावेत असंही नाही. छातीचं मांस ज्या वेगाने चढतं त्या वेगाने हृदय, फुप्फुसं आणि पायांची हाडं वाढत नाहीत. त्यामुळे पोटात पाणी होणं, पाय वाकणं, धडधाकट दिसणारा पक्षी क्षणात उताणा पडून मरणं हे या वंशाबरोबरच येतं. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात मुख्यतः धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर सोडते. मे महिन्यात अकोल्या-परभणीकडे पारा ४३वर असताना पस्तीस दिवसांचा भरलेला पक्षी दुपारी आधीच धापा टाकत असतो. त्यात तासभर वीज गेली, पंखे आणि पाण्याचा फवारा उडवणारे फॉगर थांबले, की संध्याकाळी मेलेले पक्षी पोत्यांत भरावे लागतात. हा वंश वेगाने वाढतो याचा फायदा साखळीतल्या सगळ्यांना; तो उन्हाने मरतो याची नोंद मात्र एकाच माणसाच्या मरतुकीच्या रकान्यात.

आता प्रतिपक्षाचं सगळ्यांत बळकट म्हणणं मान्य करू, आणि हातचं राखून नव्हे. दोन पिढ्यांपूर्वी कोंबडी पाहुणा आला तरच कापली जायची. आज मजुरीवर जगणाऱ्या घरातही महिन्यातून एक-दोनदा चिकन शिजतं, आणि हे अंगणातल्या कोंबड्यांच्या जिवावर झालेलं नाही. पुण्याच्या बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये हॅचरी, म्हणजे पिल्लं उबवण्याचं केंद्र, उभी केली, १९८२मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती निघाली, १९९०च्या दशकात कोइम्बतूरकडून करार पद्धत पसरली. एका किलो जिवंत वजनाला पावणेदोन किलोच्या आत खाद्य लागतं. मांसासाठी पाळला जाणारा जमिनीवरचा दुसरा प्राणी क्वचितच याच्या जवळ येतो. जमीन कमी, पाणी कमी. ज्या देशात लहान मुलांच्या ताटात प्रथिनं कमी पडतात, तिथे हे यश हसण्यावारी नेणं हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही स्वस्ताई सगळीच कार्यक्षमतेतून आलेली नाही. तिचा एक भाग निव्वळ दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेला आहे, आणि हे दोन भाग वेगळे करता येतात.

तो भाग सगळ्यांत स्पष्ट दिसतो प्रतिजैविकांत, म्हणजे अँटिबायोटिक औषधांत. १९५०च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड या शास्त्रज्ञांना असं दिसलं, की ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक बनवल्यावर उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातला तर ती जास्त भरतात. काही वर्षांतच खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविक घालणं ही जगभरची रीत झाली. ब्रिटनच्या स्वॅन समितीने १९६९मध्येच सांगितलं होतं, की माणसाच्या उपचाराला लागणारी औषधं वाढीसाठी जनावरांना देऊ नका. १९७६मध्ये अमेरिकी संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलेलं खाद्य कोंबड्यांना दिलं. त्यांच्या आतड्यांत औषधाला न जुमानणारे जीवाणू आठवड्या-दोन आठवड्यांत वाढले, आणि काही महिन्यांत ते त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही सापडले. शेजाऱ्यांमध्ये तेवढे नव्हते. त्या कुटुंबाने ते औषध घेतलेलं नव्हतं. स्वीडनने १९८६मध्ये वाढीसाठीच्या वापरावर बंदी घातली, सगळ्या युरोपीय संघाने २००६मध्ये. आपल्याकडे? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तर ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. कोलिस्टिनवर बंदी यायला २०१९चा जुलै उजाडला. कोलिस्टिन हे मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून अडगळीत टाकलेलं जुनं औषध. बाकीची औषधं चालेनाशी झाल्यावर अतिदक्षता विभागांनी ते शेवटचा उपाय म्हणून परत काढलं, आणि त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यात चमच्याने मिसळलं जात होतं. त्याला दाद न देण्याची ताकद जीवाणूला देणारं, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारणारं जनुक चीनमध्ये २०१५मध्येच सापडलेलं होतं.

यावर उद्योगातल्या जाणकारांचा युक्तिवाद असा: विक्रीआधी औषध ठरलेले दिवस बंद ठेवलं की मांसात अंश उरत नाही, आणि भारतीय स्वयंपाकात चिकन इतकं शिजतं की जीवाणू जगत नाहीत. दोन्ही विधानं बरोबर आहेत. दोन्ही गैरलागूही आहेत. अंश हा मांसाचा प्रश्न आहे, प्रतिकारशक्ती कमावलेला जीवाणू हा शेडचा प्रश्न आहे. तो शिजलेल्या ताटातून येत नाही. तो पक्षी पकडणाऱ्या मजुराच्या हातावरून, माश्यांवरून, धुऊन सोडलेल्या पाण्यातून, दुकानामागच्या पिसांच्या आणि आतड्यांच्या ढिगावरून, आणि मुख्य म्हणजे कोंबडीखतातून बाहेर पडतो. द्राक्ष, डाळिंब, आलं करणारे शेतकरी कोंबडीखत ट्रॉलीने आणतात. महिना-दीड महिना ओलावा राखून, उलथापालथ करून ते तापवून कुजवलं तर बराच धोका मावळतो. पण घाईच्या दिवसांत ट्रॉली थेट सरीत रिकामी होते. मग प्रयोगशाळेचा 'अंश आढळला नाही' हा दाखला हातात धरून आपण नेमकं काय सिद्ध केलं?

स्वस्त पशुवैद्यकीय औषधाची किंमत कुठल्या वहीत निघते हे आपल्याला नव्याने शिकायचं कारण नव्हतं. १९९०च्या दशकात गाई-म्हशींच्या सुजेवर आणि दुखण्यावर डायक्लोफिनॅक आलं. काही रुपयांचं, गुणकारी. अशी जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन पटापट मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १५ वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडायला २००४ साल आणि बंदी यायला २००६ साल उजाडलं. मधल्या काळात गावाबाहेर मढी कुजत राहिली, त्यांवर भटकी कुत्री पोसली. पारशांच्या दख्म्यांत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची रीत मोडली. औषधाच्या बाटलीवरच्या किमतीत यातलं काही छापलेलं होतं का?

'पण माणसंच जास्त प्रतिजैविकं खातात, डॉक्टर सर्दीलाही लिहून देतात, दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो.' हेही खरं, आणि पोल्ट्रीच्या माथी सगळं मारणं अप्रामाणिकपणाचं होईल. जगात २०१९मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले. त्यातले किती कोंबडीमुळे, याचं गणित कुणाच्याही बाजूने छातीठोकपणे मांडता येत नाही. तरी दोन वापरांत एक मूलभूत फरक आहे. माणूस आजारी पडतो तेव्हा औषध एकाला दिलं जातं. शेडमध्ये दहा पक्षी खुरखुरायला लागले की एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लिनसारखं प्रतिजैविक पाण्याच्या टाकीत जातं आणि पाचही हजार पक्षी ते पितात. निरोगी पक्षी भरपूर पितो, आजारी पक्षी कमी पितो. म्हणजे ज्याला गरज त्याला मात्रा अपुरी, ज्याला गरज नाही त्याला पुरेपूर. जीवाणूंना प्रतिकार शिकवायला याहून चांगली शाळा मुद्दाम काढूनही जमली नसती. आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन पक्ष्याच्या शरीरात गेलं की त्याचा एक भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतो, म्हणजे आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातली गोळी. अमेरिकेने एन्रोफ्लॉक्सॅसिन पोल्ट्रीत २००५मध्येच बंद केलं.

इथवर बरेच टीकाकार येतात आणि शेतकऱ्याला दोषी ठरवून थांबतात. तिथेच चूक होते. औषध का लागतं हे कळायला करारपत्र वाचावं लागतं. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, जमिनीवर अंथरायचं तूस, वीज, पाणी, ब्रूडिंगचा म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याचा गॅस किंवा कोळसा आणि मजुरी शेतकऱ्याची. पक्षी शेवटपर्यंत कंपनीच्या मालकीचे. शेतकऱ्याला मिळतो किलोमागे ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला. समजा ५,००० पिल्लं आली, पाच टक्के मरतूक झाली, ४,७५० पक्षी सरासरी २.२ किलोचे गेले. वजन भरलं १०,४५० किलो. आठ रुपये दर धरला तर हाती ८३,६०० रुपये, आणि त्यातून तूस, गॅस, वीजबिल, चुना, मजूर आणि शेडच्या कर्जाचा हप्ता. आता एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारं खाद्य, १.६ किलोचं १.७ झालं असं धरा. १,०४५ किलो खाद्य जास्त लागलं; ४० रुपये किलोने ४१,८०० रुपये. कराराने यातला निम्मा बोजा शेतकऱ्यावर टाकला तरी कमाईचा चौथा हिस्सा गेला. एफसीआर कशाने बिघडतो? पिल्लू अशक्त असेल, खाद्याचा एखादा लॉट हलका असेल, लिफ्टिंगची, म्हणजे तयार पक्षी उचलून नेणारी, गाडी बाजार पडला म्हणून पाच दिवस उशिरा आली असेल. या तिन्हींपैकी एकही गोष्ट शेतकऱ्याच्या हातात नाही. परीक्षा मात्र त्याची.

याहून वाईट गोष्ट दोन बॅचमधल्या खंडाची. तुसाची जुनी गादी काढायची, जाळ्या-भिंती धुवायच्या, पाण्याच्या पाइपात साचलेला चिकट थर काढायचा, चुना मारायचा, जंतुनाशक फवारायचं, मग शेड कोरडं पडू द्यायचं. याला निदान दोन आठवडे हवेत. पण पिल्लं कधी टाकायची हे ठरतं बाजाराच्या भावावर. भाव चढला की आठवड्यात पिल्लं दारात, जमीन ओलसर असली तरी. भाव पडला की महिना-महिना शेड रिकामं आणि हप्ता चालू. घाईच्या बॅचमध्ये तूस कमी पडतं, कोपऱ्यांत ओल धरते, पाण्याच्या भांड्यांखाली गादीची पोळी होते. ओल्या गादीवर कॉक्सी हा आतड्याचा परजीवी वाढतो, आतडं सोलवटतं, त्यात जीवाणू घुसतात. अमोनिया डोळ्यांना झोंबायला लागला म्हणजे पक्ष्याच्या श्वासनलिकेचं आवरण केव्हाच दुखावलेलं असतं आणि खुरखुर दोन-चार दिवसांवर आलेली असते. ब्रूडिंगच्या पहिल्या आठवड्यात तुसाजवळ ३२-३३ अंश राहायला हवेत. गॅस वाचवायला तापमान उतरलं की पिल्लं ढिगाने एकमेकांवर चढतात, बेंबीचा संसर्ग मान वर काढतो. या प्रत्येक ठिकाणी योग्य उपाय जागा, वेळ, तूस किंवा इंधन हा आहे. त्या प्रत्येकाला पैसे पडतात, आणि तो पैसा करारात कुणीच धरलेला नाही. पाण्यात टाकायची पुडी त्याहून कितीतरी स्वस्त. प्रतिजैविक हे इथे औषध राहिलेलंच नाही. न दिलेल्या खर्चाची ती उधारी आहे, आणि वसुली इस्पितळात होते.

सोयाबीनचं थोडक्यात. कोंबडीच्या खाद्यात मका निम्म्याहून जास्त आणि सोयापेंड साधारण पाव हिस्सा. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलच्या आसपास गेलं, पेंड भडकली, पोल्ट्रीवाले मेटाकुटीला आले. केंद्राने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकसुधारित सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ज्या देशात ते बियाणं पेरायला बंदी आहे तिथे त्याची पेंड चालली. लातूर-अकोल्याचं नवं पीक बाजारात आलं तोवर भाव जवळपास निम्म्यावर. तो तरीही ३,९५० रुपयांच्या हमीभावापेक्षा वर होता, आणि खाद्याच्या भडक्यात भरडला गेलेला छोटा पोल्ट्रीवालाही शेतकरीच होता, हे दोन्ही मान्य. तरीही चिकन महाग होऊ नये म्हणून पाडला गेलेला भाव शेवटी कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकाचा होता, हे उरतंच.

मग हे सगळं बिलात धरलं तर गरिबाच्या तोंडचा घास जाईल का? आकड्यांकडे पाहू. डेन्मार्कने १९९८च्या सुमारास ब्रॉयलरमध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं थांबवली तेव्हा किलोमागे लागणारं खाद्य वाढलं ते सोळा ग्रॅमच्या आसपास. आपल्या ४० रुपयांच्या दराने ते होतात चौसष्ट पैसे. नेदरलँड्सने २००९ ते २०१३ या काळात जनावरांवरचा प्रतिजैविकांचा वापर निम्म्याहून खाली आणला आणि त्यांचा पशुधन उद्योग बुडाला नाही. हे देश थंड, त्यांची शेडं बंदिस्त, शिस्त कडक. आपल्याकडे खर्च जास्त येईल हे उघड आहे. जास्त तूस, पूर्ण दोन आठवड्यांचा खंड, थोडी विरळ पक्षीसंख्या, बरं पिल्लू हे सगळं धरून किलोमागे काही रुपये वाढतील. सणासुदीला आणि श्रावणाच्या अलीकडे-पलीकडे याच चिकनचा भाव किलोला तीस-चाळीस रुपयांनी वरखाली होतो तेव्हा गरिबाच्या प्रथिनाची आठवण कुणाला येत नाही. आणि ती आठवण खरी असेल तर तिला सरळ वाट आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी बंद करून शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखवलं. गरिबाच्या प्रथिनाच्या नावाने जे प्रत्येक नियमाला विरोध करतात, त्यांच्यातल्या किती जणांनी त्या अंड्यासाठी आवाज उठवला?

गावरानची वाट मात्र मला पटत नाही. अंगणातली कोंबडी वर्षाकाठी फार तर साठ-सत्तर अंडी देते, वजनाला सहा महिने घेते, आणि लासोटाची लस चुकली की मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) एका साथीत अख्खा गाव रिकामा होतो. 'गावरान' म्हणून दुप्पट दराने जे विकलं जातं त्यातलं बरंच गिरिराज, वनराज, कावेरी यांसारखं सुधारित संकरित असतं. ते वाईट नाही, फक्त ते गावरान नाही. खिशाला परवडतं त्यांनी ते जरूर खावं. कोट्यवधी लोकांच्या प्रश्नाला ते उत्तर नाही, आणि ते उत्तर असल्याचा आव आणला की ब्रॉयलर शेडमधल्या दुरुस्तीची निकड बाजूला पडते.

दुरुस्ती कुठे सुरू करायची याची जागा शेडमध्येच आहे. दाराजवळ खिळ्याला एक बॅच कार्ड टांगलेलं असतं: तारीख, मरतूक, खाद्याच्या गोण्या, सरासरी वजन, आणि शेवटी औषध. या शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा फक्त कंपनीच्या पुडीचं नाव लिहिलेलं असतं. त्यात कोणतं प्रतिजैविक आहे, किती लिटर पाण्यात किती ग्रॅम, शेवटचा डोस कधी, कुठल्या पशुवैद्यकाने सांगितलं, हे नसतं. रकान्यात मूळ औषधाचं नाव सक्तीचं करावं, सही पशुवैद्यकाची असावी आणि जबाबदारी पक्ष्यांच्या मालकाची, म्हणजे कंपनीची असावी. दोन बॅचमधल्या खंडाचे दिवस करारात लिहिलेले असावेत, आणि त्याहून लांबलेल्या प्रत्येक आठवड्याचं शेडभाडं शेतकऱ्याला मिळावं. याला नवी प्रयोगशाळा लागत नाही, बाहेरचा तज्ज्ञही लागत नाही. आज लिफ्टिंगची गाडी गेली की हिशोबासाठी ते कार्ड सुपरवायझर काढून नेतो. त्याची एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी आणि दुसरी गाडीबरोबर दुकानापर्यंत जावी, एवढ्या मागणीवर उद्योग काय उत्तर देतो ते पुढच्या गटारीला ऐकायला आवडेल.